गॅलरीत कुणी नाही

कोलाचे, म्हणजे मधोमध गोड सारण भरलेले छोटे पाव, मी केले होते. हे आधी सांगते, कारण त्या दिवशी जी तोंडं माझ्या भावावर हसली, ती सगळी माझ्या हातच्या खसखशीच्या सारणाने भरलेली होती.

इथे अमेरिकेत आमच्या राज्याच्या विधानसभेत एक रीत आहे. नव्या आमदाराचं पहिलं विधेयक मतदानाला आलं, की त्याने आपल्या भागातलं काहीतरी खायला आणून सगळ्यांच्या बाकांवर ठेवायचं. मग सगळ्यांनी ते खात खात त्याची यथेच्छ खेचायची. वेडेवाकडे प्रश्न विचारायचे, नव्याने हजरजबाबी उत्तरं द्यायची. शेवटी मतदानाच्या फळ्यावर आधी सगळ्यांनी लाल दिवे लावून त्याचा जीव टांगणीला लावायचा, आणि मग एकेक करत हिरवे करायचे. जो चांगली उत्तरं देतो त्याचं नाव होतं. जो रडवेला होतो त्याला पुढे कुणी विचारत नाही. शहाण्यासुरत्या माणसांचा हा पोरखेळ मला कधी कळला नाही, पण आहे बुवा रीत.

ही रीत मला लिओनार्डनेच सांगितली होती. लिओनार्ड कुबिचेक, माझा थोरला भाऊ. सगळी नोकरी त्याने आमच्या गावच्या शाळेत आठवीला नागरिकशास्त्र शिकवण्यात काढली. दर वर्षी वर्ग बसमध्ये घालून राजधानीला न्यायचा आणि विधानसभेच्या गॅलरीत बसवायचा. खालून आमदार सांगायचे, ‘‘अध्यक्ष महोदय, गॅलरीत आज अमुक शाळेची मुलं आणि त्यांचे शिक्षक आले आहेत.’’ की मुलं उभी राहायची आणि सगळं सभागृह वळून, वर बघत टाळ्या वाजवायचं. त्या टाळ्यांसाठी लिओनार्ड दर वर्षी आपला एकुलता एक सूट इस्त्री करायचा. लग्न त्याने केलं नाही, त्यामुळे सूट दुसऱ्या कशाला फारसा लागलाही नाही. माझा नवरा गेल्यावर मी माझं छोटं हॉटेल विकलं आणि त्याच्याकडे राहायला आले. तेव्हापासून इस्त्री माझ्याकडे.

आणि अशा माणसाला लुबाडलं ते कशाच्या नावाने? ज्युरीच्या.

फोन आला, शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या, कचेरीतून बोलतोय. तुम्हाला कोर्टात खटल्याचा निकाल द्यायला ज्युरीवर बोलावलं होतं, तुम्ही आला नाहीत, तुमच्या अटकेचं वॉरंट निघालंय. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ये की मग, घेऊन जा. मी तर त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली असती. पण लिओनार्ड! पोरांना जन्मभर सांगत आला की ज्युरीवर बसणं हा नागरिकाचा सगळ्यात मोठा मान. त्याला वाटलं, पत्र आलं असणार आणि आपल्याच नजरेतून सुटलं असणार. शिक्षकाला बेड्या घालून गावातून नेतील. जामिनाची रक्कम आजच भरा, म्हणाला तो चोर. फोन ठेवायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, बँकेतून रोख काढायची आणि जवळच्या बिटकॉइनच्या मशीनमध्ये घालायची, की ती क्षणात त्याच्या खात्यात.

जवळचं मशीन म्हणजे व्हर्लिन जेप्सनच्या पेट्रोल पंपावरचं, दुकानात चिप्सच्या रॅकशेजारी उभं असलेलं. छप्पर बदलायला साठवलेले सगळे पैसे लिओनार्डने उभ्याउभ्या त्या मशीनला चारले. नोटा संपेनात तेव्हा व्हर्लिनने स्टूल आणून दिलं. ‘‘काय सर, गुंतवणूक का?’’ त्याने विचारलं. कानाला फोन लावलेला लिओनार्ड म्हणाला, ‘‘हो. थोडी गुंतवणूक.’’

तेव्हापासून गावात तो ‘शेठ’ झाला. पंपावर सकाळ-दुपार कॉफी ढोसत बसणारं म्हाताऱ्यांचं एक टोळकं आहे, त्यांना तेवढाच उद्योग. ‘‘काय शेठ, आज बाजार वर की खाली?’’ ‘‘शेठ, आम्हालाही विमानात न्या हो कधी.’’ लिओनार्ड हसायचा आणि म्हणायचा, ‘‘खाली आहे, खाली.’’ मग त्याने पंपावर जाणंच सोडलं. पेट्रोल भरायला शेजारच्या गावी जायला लागला, पेट्रोल जाळून पेट्रोल आणायला. मला काही पत्ता नाही. बर्फ वितळायला लागलं, छप्पर माझ्या पलंगावर गळायला लागलं आणि मी विचारलं, की कामगार कधी बोलावतोस? तेव्हा बादलीकडे बघत त्याने मला सगळं सांगितलं. ओरडायला मी तोंड उघडलं होतं. त्याचा चेहरा बघून मिटलं.

क्रिस्टा वोंद्रा त्याची विद्यार्थिनी. वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी. गेल्या निवडणुकीत ती आमच्या भागातून आमदार झाली, आणि अशा मशीनांवर तिने विधेयक आणलं. नव्या गिऱ्हाइकाला दिवसाला ठरावीक रकमेवर पैसे घालता येणार नाहीत, आणि फसवणूक लगेच कळवली तर मशीनच्या कंपनीने पैसे परत द्यायचे. आमच्या पैशाला त्याचा काही उपयोग नव्हता, ते कधीच गेले होते. पण लिओनार्डने तिला एकटीला सगळं सांगितलं होतं, म्हणून ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘सर, कंपन्यांचे वकील समितीसमोर सांगतात की अशी माणसं नसतातच. मला एक माणूस हवाय.’’

लिओनार्डने आपली हकिगत लिहून दिली. नाव घालू नकोस म्हणाला. तिने समितीत ती बिननावाची वाचली आणि विधेयक पुढे सरकलं.

हिवाळाभर तो त्या विधेयकाच्या मागे होता. कुठली दुरुस्ती आली, कोण विरोधात गेला, सगळं मला जेवताना ऐकावं लागायचं. हळूहळू त्याची पाठ ताठ व्हायला लागली. मतदानाची तारीख कळली त्या संध्याकाळी तो म्हणाला, ‘‘डार्लीन, क्रिस्टाला फोन लाव. सांग तिला, मला गॅलरीत उभं कर. नाव घेऊन. मी कोण आणि कशासाठी आलोय, तेही सांग म्हणावं.’’

‘‘खरंच?’’

‘‘आणि येताना व्हर्लिनकडे थांबायचं. मी स्वतः सांगणार सगळ्यांना. सभागृहाने टाळ्या वाजवल्यावर त्या टोळक्याला काय भ्यायचं?’’

क्रिस्टा फोनवर रडायचीच बाकी होती. ‘‘डार्लीनआत्या, तुम्ही कोलाचे कराल का सगळ्यांना?’’ म्हणाली. मी केले. खसखशीचे आणि सुक्या आलुबुखारांचे. सूटही इस्त्री केला, टाय माझ्या नवऱ्याचा दिला.

गॅलरीत पुढच्याच रांगेत आम्हाला जागा मिळाली. खाली क्रिस्टा निळ्या कोटात, माइक हातात, गाल लाल झालेले. तिने विधेयक नीट समजावून सांगितलं. लिओनार्ड ओठातल्या ओठात तिच्याबरोबर बोलत होता. आणि मग खेळ सुरू झाला.

पहिला उठला एक टकल्या. ‘‘अध्यक्ष महोदय, हे कोलाचे विधेयकाचा भाग समजायचे की लाच?’’

‘‘लाच असती तर माननीय सदस्यांना दोन दिले असते,’’ क्रिस्टा म्हणाली. हशा झाला. मीही हसले, कोलाच्यांचं नाव निघालं ना.

दुसऱ्याने विचारलं, मशीनमध्ये जुनं बटण घातलं तर बायकोपासून लपून कोलाचे येतील का? असलंच काहीतरी. क्रिस्टा फटाफट उत्तरं देत होती. लिओनार्ड माझ्या कानात म्हणाला, ‘‘बघ, कशी खिंड लढवतेय. आठवीतही अशीच होती.’’

मग रॉस टिलमन उठला. गुरांचा मोठा व्यापारी, सभागृहातलं जुनं खोड. दोन्ही अंगठे पट्ट्यात अडकवून म्हणाला, ‘‘अध्यक्ष महोदय, माझी एक खरीखुरी अडचण आहे. माझ्या कुत्र्याला फोन आला. म्हणे तू ज्युरीवर आला नाहीस, वॉरंट निघालंय, मशीनमध्ये पैसे भर. तर कुत्र्याने भरावेत की नाही?’’

समितीत वाचलेली हकिगत त्याने तिथेच ऐकली असणार. ती कुणाची, हे त्याला ठाऊक नव्हतं. एवढं मी त्याच्या बाजूने म्हणते, त्याहून जास्त म्हणणार नाही.

क्रिस्टा थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते, तोंडं हलायची थांबली होती. मला वाटलं आता ती म्हणेल, की नाही महोदय, ह्यावर नको.

‘‘माननीय सदस्यांनी कुत्र्याची काळजी करू नये,’’ ती म्हणाली. ‘‘कुत्रा आधी हुंगून बघतो. न हुंगता पैसे घालतो तो माणूस.’’

सभागृह कोसळलं. बाकं बडवली गेली. टिलमन स्वतः डोळे पुसत खाली बसला. एका बाईच्या तोंडातून खसखस उडाली. गॅलरीतही सगळे हसत होते, आणि त्या सगळ्यांत मोठ्याने माझा भाऊ हसत होता. मान मागे टाकून, मांडीवर थापा मारत. असं हसताना मी त्याला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारचा अनोळखी माणूस त्याला म्हणाला, ‘‘पोरगी भारी आहे हो!’’ आणि लिओनार्ड म्हणाला, ‘‘भारीच आहे!’’ त्याच्या कानांच्या पाळ्या मात्र लालभडक झाल्या होत्या. मला त्याच्याकडे बघवेना. मी कठड्याच्या पितळी नळीकडे बघत बसले.

मग लाल दिवे लागले. सगळे लाल. मग एकेक करत हिरवे. विरोधात एकही नाही. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, क्रिस्टाच्या पाठीवर थापा पडायला लागल्या. टाळ्या थांबल्यावर अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि हसत म्हणाले, ‘‘माननीय सदस्यांनी एवढं घरचं खाऊ घातलं. गॅलरीत घरचं कुणी आलंय का? असतील तर उभं करा, आम्हाला त्यांचेही आभार मानू द्या.’’

लिओनार्डने कोटाचं बटण लावलं. एक हात कठड्यावर ठेवला आणि तो उठायला लागला. म्हणजे एवढं सगळं होऊनही तो उठत होता. ते मला अजून समजत नाही.

क्रिस्टाने वर बघितलं. तिची आणि त्याची नजरानजर झाली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विझलेलं मी बघितलं. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं, सगळ्या सभागृहादेखत. आता नाव घेतलं तर टिलमनपासून शिपायापर्यंत सगळ्यांना कळणार, की न हुंगणारा माणूस तो हा, तिचाच शिक्षक.

‘‘नाही, अध्यक्ष महोदय,’’ ती म्हणाली. ‘‘आज गॅलरीत कुणी नाही.’’

लिओनार्ड अर्धा उठलेला होता. ना उभा, ना बसलेला. क्षणभर तसाच राहिला. मग त्याने कोट काढायला सुरुवात केली, जणू त्याला उकडत होतं आणि त्यासाठीच तो उठला होता. सावकाश एक बाही काढली, दुसरी काढली, कोटाची घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसला. गॅलरीत थंडी होती. नुसत्या शर्टावर बसला बिचारा.

जिन्यावर क्रिस्टा धावत आली. टाचांचे बूट हातात. ‘‘सर! सर, थांबा.’’

आम्ही थांबलो. मी थांबणार नव्हते, पण तो थांबला.

‘‘मला सुचलंच नाही,’’ ती धापा टाकत म्हणाली. ‘‘ते कुत्र्याचं मी बोलून गेले, आणि मग लगेच तुम्हाला उभं केलं असतं तर सगळ्यांनी... मला वाटलं, तुमची लाज...’’

‘‘त्याची लाज वाचवलीस की तुझी?’’ मी म्हटलं. माझी जीभ पहिल्यापासून तिखट, आणि त्या दिवशी तर आग पडत होती.

‘‘डार्लीन,’’ लिओनार्ड म्हणाला.

‘‘बोलू दे तिला. कुणाची गं?’’

क्रिस्टाने मान खाली घातली. ‘‘माझी,’’ ती म्हणाली. पोरगी खोटं बोलली नाही, आणि मला आणखीच राग आला. ‘‘सर, दुपारच्या सत्रात मी उठते. माफी मागते. ते शब्द कामकाजातून काढून टाकायला सांगते. तुमचं नाव घेते. तुम्ही फक्त थांबा.’’

‘‘काढता येतात,’’ लिओनार्ड म्हणाला. ‘‘तसा नियम आहे. कामकाजातून काढता येतात.’’ मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘उत्तर छान होतं. मला सुचलं नसतं. आता विधेयक सिनेटमध्ये, वरच्या सभागृहात, जाईल; तिथे तेवढं कुत्र्याचं उत्तर देऊ नकोस म्हणजे झालं.’’

ती तिथेच पायरीवर बसली, अनवाणी. आम्ही निघालो.

गाडीत मी क्रिस्टाचा उद्धार सुरू केला तो कितीतरी वेळ थांबले नाही. तुझ्या हाताखाली शिकलेली, तुझ्या हकिगतीवर नाव कमावलं, तुला ओळख द्यायला जीभ झडली का, एक शब्द बोलायचा होता, एकच शब्द. लिओनार्ड खिडकीतून बर्फाळ शेतं बघत होता. कोट अजून मांडीवरच.

‘‘लहान आहे अजून,’’ तो एवढंच म्हणाला.

‘‘लहान कसली? भित्री आहे. माणसाने वेळेला तोंड उघडावं, नाहीतर आमदार होऊ नये.’’

गावाजवळ आलो तेव्हा पेट्रोलचा काटा तळाला लागला होता. शेजारच्या गावापर्यंत गाडी गेली नसती. मी ती व्हर्लिनच्या पंपावर वळवली. लिओनार्डने सीटवरच अंग चोरलं.

‘‘तुला आत यायचंय?’’ मी विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग मी दार उघडलं तेव्हा म्हणाला, ‘‘तू सांग त्यांना. ठरवलं होतं ना, ते सांगून टाक. मला नाही जमायचं आता. पण सांगायला हवं. तू सांगितलंस तरी चालेल.’’

‘‘सांगते,’’ मी म्हटलं. ‘‘त्यात काय? चांगली ठणकावून सांगते.’’

आणि मी सांगणारच होते. पेट्रोल भरलं आणि पैसे द्यायला आत गेले. टोळकं बसलंच होतं, तिघं, कॉफीचे कागदी पेले पुढ्यात. मशीन जागच्या जागी दिवे लुकलुकवत उभं होतं. व्हर्लिनने काचेतून बाहेर गाडीकडे बघितलं.

‘‘अरे वा, शेठ आज पांढऱ्या शर्टात! टायबीय! कुठे गेला होतात गं, आणखी पैसा पेरायला?’’

तिघंही हसले. वाईट माणसं नव्हेत ती. त्यातल्या एकाने माझ्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिलाय. पण ते हसले, आणि सकाळचं ते सगळं हसू माझ्या कानात परत भरलं. मी तोंड उघडलं. सांगायचं होतं, की शेठ नाही रे तो, फसवला गेलाय, तुम्ही ज्यावर हसता तो त्याचा सगळा पैसा होता. चौघंही माझ्याकडे बघत होते. सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत गावभर होणार, आणि मग मी त्या न हुंगणाऱ्या माणसाची बहीण.

‘‘मयत होती,’’ मी म्हटलं.

‘‘अरेरे. कुणाची?’’

‘‘लांबच्या नात्यातलं. तू ओळखत नाहीस.’’

हसू थांबलं. व्हर्लिनचा चेहरा एकदम उतरला. भला माणूस, तो काचेपाशी गेला, डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि गाडीतल्या लिओनार्डकडे बघत मान झुकवली. ते तिघं म्हातारेही मागोमाग उठले. एकाने हात वर केला. लिओनार्ड गाडीतून बघत होता. मी काचेतून त्याला सरळ होऊन बसताना बघितलं. त्यानेही हात वर केला.

मी सुट्टे पैसे न घेताच बाहेर आले.

गाडीत बसले तर त्याने कोट अंगात घातला होता. बटणंही लावली होती.

‘‘सांगितलंस?’’ त्याने विचारलं.

किल्ली माझ्या हातात होती. काचेपलीकडे व्हर्लिन अजून टोपी छातीशी धरून उभा होता.

‘‘हो,’’ मी म्हटलं.

‘‘सगळं?’’

‘‘सगळं.’’

‘‘आणि उभे राहिले गं ते,’’ लिओनार्ड म्हणाला. त्याने रुमाल काढून नाक शिंकरलं आणि डोळेही पुसून घेतले. ‘‘टोपी काढली त्याने. मी उगाच वर्षभर तोंड लपवत फिरलो.’’

मी गाडी सुरू केली. घराच्या वळणावर तो म्हणाला, ‘‘उद्या सकाळी मी चालतच जाईन पंपावर. कॉफीला. त्यांच्यात बसून नीट आभार मानतो.’’